मुका मार

गेल्या वर्षी आषाढात आमच्या तालुक्यातील एक वृद्ध शेतमजूर बाई अंगणातील शेवाळावरून पाय घसरून पडल्या. पक्षाच्या शिबिरांतून सारेजण त्यांना मावशी म्हणतात. १९७२ च्या दुष्काळात, वयाच्या विशीत, त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती आणि 'हाताला काम द्या' म्हणत तहसील कचेरीवर गेलेल्या मोर्च्यांत त्या चालल्या होत्या. पुढे कित्येक वर्षे आमच्या शिबिरांच्या भाकऱ्या त्यांच्या देखरेखीखाली भाजल्या गेल्या. अशा बाई उभ्या उंचीवरून, घरच्याच अंगणात पडल्या. जखम नव्हती, रक्त नव्हते. घरातल्यांनी आणि त्यांनी स्वत:ही एकच निदान केले : मुका मार बसला आहे, चार दिवसांत बरे वाटेल.

दोन दिवस हळदीचा लेप झाला. तिसऱ्या दिवशी वडापच्या जीपमधून त्यांना ग्रामीण रुग्णालयात नेले. तेथे क्ष-किरण यंत्र होते, ते चालू होते आणि ते चालविणारा तंत्रज्ञही त्या दिवशी हजर होता. ही तिन्ही भाग्ये एकाच दिवशी जुळून येणे किती दुर्मिळ आहे, हे ग्रामीण भागातील कार्यकर्त्यांना सांगावयास नको. फोटो निघाला. डॉक्टरांनी तो पाहिला आणि सांगितले, ''फोटोत काही नाही. हाड शाबूत आहे.'' पाच दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या घेऊन मावशी घरी परतल्या.

त्यानंतरचे तीन आठवडे त्या घरात जे घडले, ते सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे. मावशींना उभे राहता येईना. कूस बदलताना त्या कळवळत. पण फोटोत काही नव्हते! मुलगा आणि सून दोघेही रोजंदारीवर जाणारे, वाईट माणसे नव्हेत. तरीही आठवडाभरात घरात कुजबुज सुरू झाली की, म्हातारी भ्याली आहे, अंग चोरते आहे. सरकारी डॉक्टरांनी यंत्राने पाहून सांगितलेले खरे, की अडाणी म्हातारी कण्हत सांगते ते खरे? गावाने यंत्रावर विश्वास ठेवला. काही दिवसांनी मावशींनीही तक्रार करणे सोडून दिले. आपलाच जीव खोटा आहे, अशी त्यांची समजूत झाली.

तिसऱ्या आठवड्यात पाठीला शय्याव्रण झाल्याचे दिसले, तेव्हा धावाधाव झाली. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात सीटी स्कॅनची तारीख आठ दिवसांनंतरची मिळाली. शेवटी दोन शेळ्या विकून खासगी केंद्रात स्कॅन काढला. त्यात दिसले ते असे : पाठीच्या कण्याखालील त्रिकास्थीला उभी भेग होती आणि पुढच्या बाजूला जघनास्थीचा एक दांडा दुभंगला होता. मावशी एकवीस दिवस मोडलेल्या कमरेनिशी पडून होत्या आणि एकवीस दिवस त्यांच्यावर सोंगाचा आळ होता.

हा दोष त्या डॉक्टरांचा होता काय? मला तसे वाटत नाही. एका बाह्यरुग्ण विभागात दिवसाला शंभर-सव्वाशे माणसे तपासणाऱ्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याला खलनायक ठरविणे सोपे आहे, पण त्याने प्रश्न सुटत नाही. नंतर तोच पहिला फोटो एका जाणकार स्नेह्यांना दाखविला. पुढच्या हाडावर एक पुसट रेघ असावी, असे त्यांना वाटले; परंतु ''मला उत्तर आधीच ठाऊक आहे म्हणून ती दिसते,'' असेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. तेव्हा प्रश्न व्यक्तीच्या डोळ्यांचा नसून साधनाच्या मर्यादेचा आहे. आणि त्या मर्यादेनंतर पुढचे साधन कोणाच्या वाट्याला येते, याचा आहे.

श्रोणी, म्हणजे कमरेखालील हाडांचे कडे. दोन बाजूंना दोन नितंबास्थी, मागे त्रिकास्थी आणि पुढे जघनास्थींचा सांधा, अशी ही रचना आहे. धडाचा सारा भार या कड्यातून मांड्यांकडे उतरतो. बांगडी फुटते तेव्हा ती बहुधा एकाच ठिकाणी फुटत नाही. तिचे दोन तुकडे हाती येतात. कड्याचेही पुष्कळदा तसेच होते. पुढे भेग सापडली, तर मागेही शोधली पाहिजे. वृद्ध माणसांच्या बाबतीत पुढच्या दांड्याचा अस्थिभंग साध्या फोटोत दिसल्यावर अधिक बारकाईने तपासणी केली असता, निम्म्याहून अधिक जणांत मागच्या बाजूलाही इजा सापडल्याचे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे.

मग ती पहिल्या फोटोत का दिसत नाही? कारण क्ष-किरणांचा फोटो ही एक सावली आहे. शरीराच्या आरपार किरण जातात आणि पुढचे-मागचे सारे काही एकाच पडद्यावर उमटते. त्रिकास्थी वक्र आणि तिरकी असते. तिच्या पुढ्यात आतडी असतात, त्यांतील वायूच्या आणि मळाच्या छाया तिच्यावर पडतात. म्हातारपणी हाडांतील चुना आधीच विरळ झालेला असतो, त्यामुळे हाडाची सावलीच फिकी उमटते. अशा फिक्या सावलीत जागच्या जागी राहिलेली केसासारखी भेग शोधणे, हे तरबेज नजरेलाही कित्येकदा साधत नाही. 'फोटोत काही नाही' या वाक्याचा खरा अर्थ 'फोटोत काही दिसले नाही' एवढाच असतो. हाड मोडलेले नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. या दोन वाक्यांतील अंतर ज्याला परवडते, तो दुसऱ्या तपासणीला जातो. ज्याला परवडत नाही, तो घरी जातो.

आणि दुसरी तपासणी तर कधीचीच उपलब्ध आहे. विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिलेच नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आपल्या शोधाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. हा शोध मानवजातीचा आहे, अशी त्यांची धारणा होती. गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाची तपासणी केली ती १९७१ साली. सावलीऐवजी शरीराचे एकामागून एक काप त्यात पाहता येतात, त्यामुळे पुढचे मागच्याला झाकत नाही. त्यानंतर एमआरआय आले. त्याचे काम क्ष-किरणांवर चालत नाही, चुंबकीय क्षेत्रावर चालते. हाडाच्या आतील मगजात उतरलेले पाणी आणि सूज त्याला दिसते, म्हणूनच जागची न हललेली भेगही पडल्यानंतर काही तासांतच त्यात उमटते. सीटीतून निसटलेली भेगही पुष्कळदा त्यात सापडते.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक नियम करणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०११ सालीच खुब्याच्या अस्थिभंगाबाबत स्पष्ट सांगितले आहे : फोटो निर्मळ असूनही संशय राहिला, तर एमआरआय करावा, तो चोवीस तासांत होण्यासारखा नसेल किंवा रुग्णाला चालण्यासारखा नसेल, तर सीटी स्कॅन करावा. खुब्याच्या अस्थिभंगांपैकी शेकडा दोन ते दहा पहिल्या फोटोत दिसत नाहीत, असे सामान्यत: मानले जाते. खुब्याच्या शंकेने केलेल्या अशा तपासणीत पुष्कळदा खुबा शाबूत आणि श्रोणीच मोडलेली सापडते. म्हणजे एकाच नियमाने दोन्ही दुखणी उघडकीस येतात. या नियमात गूढ असे काही नाही. माणूस काय सांगतो आणि फोटो काय सांगतो, यांत विरोध आला तर माणसावर विश्वास ठेवून पुन्हा पाहा, एवढेच त्याचे सार आहे.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. म्हातारपणी श्रोणी मोडली तरी बहुधा शस्त्रक्रिया करावी लागत नाही. मग एवढा खर्चिक फोटो कशासाठी? वरवर पाहता हा मुद्दा बिनतोड वाटतो, पण तो फसवा आहे. शस्त्रक्रिया नसली तरी उपचार आहेत. निदान झाले असते तर मावशींना पुरेसे वेदनाशामक औषध मिळाले असते, पहिल्या काही दिवसांतच चालण्याची चौकट हाती देऊन त्यांना आधाराने उभे केले गेले असते आणि शय्याव्रण झाले नसते. वृद्ध माणूस अंथरुणाला खिळला की स्नायू झपाट्याने झडतात, फुप्फुसांत कफ साचून न्यूमोनिया होतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या धरतात. काही भंग मात्र अस्थिर असतात आणि त्यांना आधार द्यावाच लागतो. २०१३ साली रोमेन्स आणि हॉफमान या शल्यवैद्यांनी वृद्धांच्या अशा अस्थिभंगांची चार प्रतींत वर्गवारी केली, ती याच विवेकासाठी. कोणाला चालवायचे आणि कोणाला चालवायचे नाही, हे आत पाहिल्याखेरीज कसे कळणार?

खुब्याच्या बाबतीत तर हा हलगर्जीपणा अधिकच महागात पडतो. मांडीच्या हाडाच्या मानेला गेलेली, पण न सरकलेली भेग वेळेवर सापडली, तर स्क्रूने सांधता येते. 'काही नाही, चाला' म्हटल्यावर ती बाई चालू लागते, हाड सरकते आणि मग सांधा बदलण्याची पाळी येते. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचातील एक तरी वर्षभरात दगावतो, असा जगभरचा अनुभव आहे. शिवाय हाड मोडले आहे हे कळले, तरच ते उभ्या उंचीवरून पडून का मोडले, हा पुढचा प्रश्न विचारला जातो. पाळी गेल्यानंतर बाईच्या हाडांची झीज वेगाने होते. आयुष्यभराचे अर्धपोटी जेवण, सर्वांच्या शेवटी आणि उरलेसुरले खाण्याची रीत, ड जीवनसत्त्वाचा अभाव, या साऱ्याची नोंद हाडांत होत असते. तिच्यावर औषधे आहेत. पण 'मुका मार' म्हणून घरी पाठविलेल्या बाईला ती कोण देणार? तिची भेट पुढच्या अस्थिभंगाशीच व्हायची.

आतापर्यंत वृद्धांविषयी बोललो. या प्रश्नाची दुसरी बाजू तरुण कष्टकऱ्याची आहे. परांचीवरून कोसळणारा गवंडी, माडावरून किंवा आंब्यावरून पडणारा कोकणातील गडी, उसाने भरलेल्या गाडीवरून खाली येणारा तोडणी कामगार, यांच्या श्रोणीवर येणारा आघात प्रचंड असतो. हाडांच्या कड्यालगतच्या रक्तवाहिन्या फाटतात आणि बाहेर एक थेंबही न दिसता काही लिटर रक्त आतल्या आत साठू शकते. येथे प्रश्न दिवसांचा नसतो, मिनिटांचा असतो. खुब्यांच्या उंचीवर पट्टा किंवा तो नसेल तर चादर घट्ट आवळून कडे बांधून ठेवणे, मोडले आहे की नाही हे पाहण्यासाठी कंबर पुन:पुन्हा दाबून-हलवून न पाहणे, जागेवरच पहिला फोटो, आणि प्रकृती सावरताच सीटी स्कॅन, असा क्रम जगभर शिकविला जातो. आपल्या किती बांधकामांवर, किती कारखान्यांच्या तळांवर एवढे प्राथमिक ज्ञान आणि एक पट्टा ठेवलेला आहे?

जो कामगार त्या पहिल्या तासातून वाचतो, त्याचे पुढे काय होते तेही पाहा. मुकादम त्याला जवळच्या एखाद्या दवाखान्यात नेतो, एक फोटो काढतो, सुई टोचवतो आणि हातावर काही पैसे ठेवून गावी जाणाऱ्या गाडीत बसवून देतो. मागची भेग कोणी पाहिलेली नसते. सहा महिन्यांनी तो लंगडत परत येतो, तेव्हा त्याच्यापाशी कागद नसतो. कामावर झालेल्या इजेची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व आपल्या कायद्यात १९२३ पासून आहे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला आणि बांधकामाच्या खर्चावर उपकर बसविण्यात आला. पुढे हे सारे २०२० च्या श्रमसंहितांमध्ये सामावून घेतले गेले. परंतु कायदा कोणताही असो, भरपाई मागायची तर इजा सिद्ध करावी लागते, आणि न काढलेला फोटो ही न झालेली इजा ठरते. आपल्या कामगार संघटनांनी हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. वैद्यकीय प्रतिमा हा उपचाराचा पाया आहे, तसाच तो हक्काचा पुरावा आहे.

यंत्रे देशात नाहीत, असे कोणी म्हणू नये. शहरांत चौकाचौकांत स्कॅन केंद्रांच्या पाट्या आहेत. तेथे साध्या कंबरदुखीसाठीही एमआरआय लिहून दिला जातो आणि त्यातील वाटा कोणाकडे परत जातो, हे 'कट प्रॅक्टिस' या महाराष्ट्रात सर्वतोमुखी झालेल्या शब्दाने सांगितले आहे. एका बाजूला गरज नसलेल्यांचे स्कॅन आणि दुसऱ्या बाजूला गरज असलेल्यांचा मुका मार, ही एकाच व्यवस्थेची दोन फळे आहेत. यंत्र बाजाराच्या हाती दिले की ते गरजेकडे वळत नाही, खिशाकडे वळते. पण त्याला समाज वळण लावू शकतो, याचाही दाखला महाराष्ट्रातच आहे. गर्भलिंग तपासणीविरुद्ध स्त्रीसंघटनांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी उभारलेल्या लढ्यातून १९८८ साली या राज्याने देशातील पहिला कायदा केला आणि १९९४ साली संसदेला त्या वाटेने जावे लागले. यंत्राचा गैरवापर थांबविण्यासाठी आपण कायदा मागितला. आता यंत्राचा रास्त वापर मिळावा म्हणून कायदा मागण्याची वेळ आहे.

सरकारी योजनांचे काय, असे विचारले जाईल. १९४६ च्या भोर समितीने पैशाअभावी कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व मांडले. २०१५ साली राष्ट्रीय आरोग्य अभियानाने मोफत तपासण्यांची योजना जाहीर केली; तीत जिल्हा रुग्णालयातील सीटी स्कॅन आणि दूरस्थ तज्ज्ञाकडून फोटो वाचून घेण्याची सोय यांचा समावेश होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरील सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते साल उलटले, उद्दिष्ट गाठले गेले नाही. महात्मा फुल्यांच्या नावाने चालणाऱ्या जन आरोग्य योजनेत रुग्णालयात दाखल होऊन ठरावीक उपचार घेतल्यास खर्च मिळतो. परंतु दाखल न होता केलेली नुसती तपासणी तीत बसत नाही. म्हणजे कापायचे असेल तर सरकार पैसे देईल, कापायचे की नाही हे पाहण्यासाठी मात्र शेळ्या विका! ज्या अस्थिभंगाला शस्त्रक्रियाच लागत नाही, तो या हिशेबात कोठेच येत नाही.

दूरस्थ वाचनाची सोय चांगली आहे. तिला विरोध करण्याचे कारण नाही. अस्थिभंग ओळखणारे संगणकीय कार्यक्रमही आता आले आहेत आणि थकलेल्या डोळ्यांना त्यांची मदत होईल. परंतु दोन गोष्टी विसरून चालणार नाही. जे फोटोत उमटलेच नाही, ते वाचण्याचे सामर्थ्य दूरच्या तज्ज्ञात नाही आणि संगणकातही नाही. आणि त्या तज्ज्ञापुढे फक्त फोटो असतो, माणूस नसतो. 'पडल्यापासून उभे राहता येत नाही' ही एक ओळ चिठ्ठीवर लिहिलेली नसेल, तर तो आपल्या परीने बरोबर वाचूनही चुकीचे सांगेल. स्वस्त यंत्राने महागड्या माणसाची जागा घ्यावी, एवढ्यासाठीच ही साधने येणार असतील, तर त्यांतून गरिबाला आणखी एक 'काही नाही' ऐकावयास मिळेल.

या संदर्भात एका निकालाचे स्मरण करून दिले पाहिजे. १९९२ साली बंगालमधील एक शेतमजूर आगगाडीतून पडला आणि त्याच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली. त्याला घेऊन सोबतचे लोक एकामागून एक सरकारी रुग्णालयांत हिंडले. कोठे खाट नव्हती, कोठे सोय नव्हती. शेवटी खासगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्चून त्याच्यावर उपचार झाले. पश्चिम बंग खेत मजदूर समितीने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. १९९६ च्या निकालात न्यायालयाने त्याला २५ हजार रुपये भरपाई देवविली आणि तातडीचे उपचार वेळेवर न देणे हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भंग आहे, असे ठरविले. पैशांची अडचण ही त्यासाठी सबब होऊ शकत नाही, असेही बजावले. एका शेतमजूर संघटनेने पडलेल्या माणसाच्या बाजूने उभे राहून मिळविलेला हा हक्क आहे. तो वापरला नाही, तर दोष आपला.

मग आपण मागायचे काय? 'खासगीकरण मुर्दाबाद' एवढी घोषणा पुरेशी नाही. मावशींनी ज्या मोर्च्यांत पाय झिजविले, त्या मागणीतून महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. त्या कायद्याची ताकद एका साध्या कल्पनेत होती : काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते देणे सरकारवर बंधनकारक, न दिल्यास बेकारी भत्ता. उपकाराच्या जागी बांधिलकी आली आणि बांधिलकीला मुदत आली. त्याच कल्पनेतून २००५ साली सबंध देशासाठी कायदा झाला. माझी सूचना अशी की, आता तपासणीची हमी मागावी. राजस्थानने २०२३ साली आरोग्य हक्काचा कायदा संमत केला; आरोग्य हा कायद्याचा विषय होऊ शकतो, हे त्याने दाखविले आहे. महाराष्ट्राने एक पाऊल पुढे जाऊन त्याला मुदत आणि दंड जोडावा.

ही हमी अशी असावी : पडल्यानंतर ज्या व्यक्तीला पायावर भार देता येत नाही, किंवा जिच्या जांघेत वा कमरेच्या मागच्या हाडात दाबल्यावर तीव्र वेदना होते, तिचा पहिला फोटो निर्मळ असला तरी चोवीस तासांच्या आत सीटी स्कॅन किंवा एमआरआय मोफत झाला पाहिजे. तेथवर नेण्या-आणण्याची जबाबदारी सरकारी रुग्णवाहिकेची असावी. सरकारी यंत्र बंद असेल वा तारीख नसेल, तर खासगी केंद्रातील तपासणीचा खर्च सरकारने त्या केंद्राला थेट द्यावा. रुग्णाने आधी भरून मग परतावा मागत हिंडावे, असे नको. फोटो आणि त्याचा लेखी अहवाल रुग्णाच्या हाती पडावा. उंचीवरून पडलेल्या प्रत्येक कामगाराच्या बाबतीत त्याची नोंद कामाच्या ठिकाणासह व्हावी. आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातील क्ष-किरण तंत्रज्ञाचे पद भरलेले असावे. कारण पहिला फोटोच निघत नसेल, तर दुसऱ्याची गोष्ट काढण्यात अर्थ नाही.

पडलेल्या प्रत्येकाचा स्कॅन करा, असे मी म्हणत नाही. सीटी स्कॅनमधून साध्या फोटोच्या अनेकपट किरण शरीरात जातात. तरुण माणसांच्या आणि विशेषत: गर्भवतींच्या बाबतीत तो विचार केलाच पाहिजे. जो उठून चालू लागतो, त्याला बहुधा दुसऱ्या तपासणीची गरज नसते. मागणी एवढीच आहे की, ही निवड दुखण्यावरून व्हावी, ऐपतीवरून होऊ नये. खर्चाचे म्हणाल, तर शहरांतील निरर्थक स्कॅनवर जो पैसा उडतो आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसामागे घरातील दुसऱ्या माणसाची जी मजुरी बुडते, ती जमेस धरूनच हिशेब मांडला पाहिजे. आपले अर्थतज्ज्ञ पहिला आकडा कधी कधी मोजतात. दुसरा कोणीच मोजत नाही, कारण ती मजुरी बहुधा सुनेची असते.

शेवटी एक गोष्ट आपल्या स्वत:विषयी. मावशी पडल्याचे आमच्या तालुका समितीला ठाऊक होते. त्या तीन आठवड्यांत आमच्या दोन बैठका झाल्या, आरोग्याच्या खासगीकरणाविरुद्ध एक ठरावही झाला. मावशींच्या घरी जाऊन 'उभ्या राहून दाखवा बरे' असे म्हणायला आमच्यातील कोणीही गेले नाही. मी स्वत: गेलो नाही. 'फोटोत काही नाही' हे आम्हीही ऐकले होते आणि आम्हीही त्यावर विसंबलो. ज्यांच्या श्रमावर आपल्या शिबिरांची चूल पेटते, त्यांच्या दुखण्याची दाद घ्यायला आपण यंत्राच्या दाखल्याची वाट पाहावी, हे समाजवादी म्हणविणाऱ्यांना शोभणारे नाही. प्रत्येक तालुक्यात निदान दोन कार्यकर्त्यांनी ही लक्षणे शिकून घ्यावीत, रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत यंत्राचा आणि तंत्रज्ञाचा हिशेब मागावा, आणि फोटो निर्मळ असूनही न उठणाऱ्या माणसाबरोबर जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत जावे. कायदा होईल तेव्हा होईल. एवढे काम कायद्यावाचूनही करता येते.

मावशी आता चौकट धरून अंगणापर्यंत येतात. शिबिराला येणे यापुढे जमेलसे दिसत नाही. स्कॅनचा अहवाल कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर दु:ख दिसले नाही, सुटका झाल्यासारखे समाधान दिसले. सुनेला त्या म्हणाल्या, ''बघ, मोडलं होतं ना?'' कंबर मोडल्याचे कळून एखाद्या बाईला हायसे वाटावे, यापरता या व्यवस्थेचा दुसरा पुरावा कोणता हवा?